पेनांगची एक वाफ

गॅसची शेगडी आली आणि उपेंद्र बांदेकरांची शेवटची पळवाट बंद झाली.

मलेशियातल्या पेनांगची चार क्वे ट्याव ही चीज रांधावी लागू नये म्हणून गेले तीन आठवडे ते पळवाटा काढत होते आणि घरातली माणसं मोठ्या प्रेमाने त्या बुजवत होती. पहिल्यांदा ते म्हणाले, "चार क्वे ट्याव म्हणजे काय मॅगी वाटली तुम्हाला? तांदळाच्या नूडल्स लागतात, ताज्या, बोटभर रुंद, रिबिनीसारख्या. इथे पोर्टलीशमध्ये कुठे मिळायच्या?" नातीने, रुचाने, डब्लिनच्या चायनीज दुकानातून चार पाकिटं आणून फ्रीजमध्ये टाकली. मग ते म्हणाले, "त्यात तिसऱ्या हव्यात, शिंपल्यांतल्या." सून नीलिमाने मासळीवाल्याला फोन केला. आयर्लंडच्या किनाऱ्याला तिसऱ्यांचा काय तोटा? दोन किलो आल्या. तेव्हा त्यांनी हुकमाचं पान टाकलं.

"जाळ! कढईच्या काठावरून जाळ आत डोकावला पाहिजे. तुमच्या ह्या काचेच्या शेगडीवर दूध तापेल. पेनांग नाही तापायचं."

त्यांच्या मुलाने, राजीवने, ते ऐकून घेतलं. ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेच्या सोमवारी सकाळी तो गाडी काढून गेला आणि लोखंडी शेगडी, नारिंगी नळी, पिवळा सिलिंडर घेऊन परत आला. मागच्या अंगणात शेडच्या दाराशी त्याने ती मांडली आणि काडी लावली. असा भडका उठला की शेजारच्यांचं कुत्रं कुंपणावरून डोकावलं ते तिथेच लटकून राहिलं.

"घ्या बाबा," राजीव म्हणाला. "पेनांग."

उपेंद्ररावांनी माकडटोपी कानांवर खाली ओढली. "सिलिंडर भरलेला आहे का पण?"

"काठोकाठ."

ती गोष्ट बांदेकरांच्या घरात पहिल्यांदा सांगितली गेली राजीवच्या बारशाला. पंचाहत्तर साली उपेंद्रराव मालवाहू जहाजावर फोर्थ इंजिनियर होते. जहाज पेनांगला लागलं. बंदरावर चार क्वे ट्यावची हातगाडी लावणाऱ्या म्हाताऱ्याला ताप भरला, आणि आपल्या उपेंद्ररावांनी हातातला पाना खाली ठेवून त्याचा कलथा उचलला. तीन दिवस गाडी चालवली. बारशाच्या वेळी गिऱ्हाइकांच्या रांगेत बारा माणसं होती. राजीवच्या लग्नात ती पन्नास झाली. रुचाच्या बारशाला रांग जेटीपर्यंत पोचली, आणि बायकोच्या, सुरेखाबाईंच्या, साठीला तिच्यात बंदराचा मुख्य अधिकारी टोपी काखेत मारून उभा होता.

खरी हकीकत एवढीच की पेनांगला उपेंद्रराव जहाजावरून उतरलेच नव्हते. दोन्ही बाजूंना गालगुंड झाले होते. कॅप्टनने त्यांना केबिनमध्ये कोंडून ठेवलं होतं. फर्नांडिस नावाच्या दोस्ताने केळीच्या पानात बांधून ती चीज आणली. ती थंडगार झालेली, आणि ह्यांचं तोंड उघडत होतं चमच्याच्या जाडीइतकं. जन्मात तेवढे सहा चमचे त्यांनी खाल्ले होते. ही गोष्ट जगात एकाच व्यक्तीला माहीत होती. कारण केबिनमध्ये पडल्या पडल्या त्यांनी त्या व्यक्तीला पत्र लिहिलं होतं.

ती व्यक्ती आता हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन अंगणाच्या दारात उभी होती. चारचौघांत सुरेखाबाई पुण्यामुंबईचं बोलत. नवऱ्याला कोपऱ्यात घ्यायचं झालं की मालवणीत उतरत.

"आता काय करतलात?"

"काय करतलंय? परततलंय."

"तुमी? पोहे परतूक सांगले तर कांदो जाळलात, त्या दिवसापासून तुमका चुलीकडे येऊक दिलंय नाय मी."

"जिभेर चव आसा माझ्या."

"पन्नास वर्सांमागची! सुजलेल्या तोंडातली!" मग त्यांचा आवाज खाली आला. "माका एकच सांगा. पोरीक कळला तर?"

उपेंद्ररावांना तेवढंच नको होतं. राजीवचं काय, तो दहा वर्षांचा होता तेव्हापासून त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हता. पण रुचा सहा वर्षांची असताना इकडे आली. तिने शाळेतल्या मुलींना, मग कॉलेजला, मग हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी खात्यात सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. कँटीनमध्ये एकदा एडन खू नावाचा मुलगा कुरकुरत होता, की अख्ख्या आयर्लंडमध्ये धड चार क्वे ट्याव मिळत नाही; आई पेनांगची असून तीही करत नाही. रुचा त्याला म्हणाली, "माझे आजोबा पेनांगला त्याची गाडी चालवायचे." त्या एका वाक्यावर ओळख झाली, ओळखीचं पुढचं पुढे झालं आणि आता मार्चमध्ये लग्न होतं. आज एडनची आई, मिसेस मेबल खू, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सहून जेवायला येत होती. तिने फोनवर एकच फर्माईश केली होती: काही नको, आजोबांच्या हातचं चार क्वे ट्याव.

"कळला," उपेंद्रराव म्हणाले, "तर ती म्हणतली, आजोबांनी माका अजून काय काय खोटा सांगल्यानी?" आणि त्यांनी कलथा उचलला.

*

राजीव हाताची घडी घालून शेडला टेकला होता. सॉफ्टवेअर टेस्टर, दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचाच त्याला पगार मिळे. पण त्याने आयुष्यात पहिली खोट काढली होती ती बापाच्या गोष्टींत. चौथीत असताना त्याने वर्गात सांगितलं होतं की माझ्या बाबांनी पाठीवर माड उगवलेला देवमासा पाहिला. गुरुजींनी अख्ख्या वर्गाला हसायला सांगितलं. वर्ग हसला. त्या हसण्याची परतफेड त्याला आज पिवळ्या सिलिंडरच्या रूपात मिळणार होती.

उपेंद्ररावांनी कढईत तेल ओतलं आणि चारही पाकिटं एकदम रिकामी केली.

"बाबा, चारही? एकदम?"

"नाव काय? चार क्वे ट्याव. चार म्हणजे चार."

फ्रीजमधून काढलेल्या नूडल्स पुठ्ठ्यासारख्या ताठ होत्या. खालच्या करपायला लागल्या, वरच्या जागच्या हलेनात. उपेंद्ररावांनी कलथा घातला तसे त्यांचे तुकडे पडले. धूर असा निघाला की डब्लिनकडे जाणारं विमान जरा वळसा घालून गेलं.

"अहो, मध्ये कच्च्याच आहेत!" सुरेखाबाई धावत आल्या. पन्नास वर्षांची सवय असलेला हात विचार करत नाही. त्यांनी पाण्याचा हबका मारला, घरातून ताट आणून कढईवर पालथं घातलं, वर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "एक वाफ येऊ दे. दणदणीत."

त्या अंगणात एकही माणूस असा नव्हता ज्याला ह्यात काही चूक वाटावी. उपेंद्ररावांनी समाधानाने मान हलवली. राजीवनेसुद्धा, खोट काढण्यात ज्याची हयात गेली त्याने, घड्याळ पाहून पाच मिनिटं लावली. पोह्यांना वाफ लागते, उपम्याला लागते, साबुदाण्याला लागते. पेनांगला का लागू नये?

पाच मिनिटांनी ताट उचललं. कढईत खळ होती. निवडणुकीची पोस्टरं चिकटवायला वापरतात तसली, पांढरी, दाट, मधूनच एखादी शेपटी दिसणारी खळ. त्यात कलथा उभा राहिला.

राजीवच्या खिशात फोन वाजला. रुचाचा मेसेज होता: स्वोर्ड्सहून निघालो, सव्वा तासात पोचतो, मेबल सकाळपासून जेवलेली नाही.

*

नीलिमा नाइट ड्युटी करून सकाळीच आली होती. ती भूल देणारी डॉक्टर. लोक घाबरून जातात तेव्हा आवाज न चढवता बोलायचं, हे तिचं रोजचं काम. कढई ओट्यावर आली तेव्हा तिने तिच्यात पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाबा, तुमच्या गाडीवर असं झालं की काय करायचात?"

उपेंद्ररावांनी माकडटोपी काढून हातात धरली.

"त्यांची गाडी नव्हती गं," सुरेखाबाई म्हणाल्या. "हे उतरलेच नव्हते पेनांगला. गालगुंड झाले होते."

नीलिमाने नवऱ्याकडे पाहिलं. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या वाक्याची तो वाट बघत होता ते वाक्य आलं होतं, आणि राजीव बावळटासारखा उभा होता.

"म्हणजे... रांग?"

"नव्हती," उपेंद्रराव म्हणाले.

"बंदराचा अधिकारी?"

"नव्हता."

"आणि तो देवमासा?"

"देवमासा होता!" उपेंद्रराव दुखावल्यासारखे म्हणाले. "माड मी लावला."

नीलिमाला हसू फुटलं, ते तिने खोकला म्हणून खपवलं. राजीव हसला नाही. त्याला वाटलं होतं हे ऐकून छातीवरचं काहीतरी उतरेल. उलट समोरचा म्हातारा एकदम लहान दिसायला लागला होता. टोपी काढल्यावर केस उभे राहिलेला, हाताला खळ लागलेला, चौऱ्याहत्तर वर्षांचा.

"पिझ्झा मागवू का?" त्याने विचारलं. ह्याहून चांगली मदत त्याला सुचली नाही.

"त्याची गरज नाही," उपेंद्रराव म्हणाले. "रुचा आली की दारातच सांगून टाकतो, पोरी, तुझा आजोबा थापाड्या आहे."

"सासूसमोर?" नीलिमा म्हणाली. "बाबा, ते मात्र नको."

"तुमी गप रवा," सुरेखाबाईंनी पदर खोचला. तासापूर्वी ह्या माणसाची फजिती बघायला त्या कोथिंबीर घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. पण फजितीत आता त्यांचा हात होता, शब्दशः. "थाप ह्यांची होती. वाफ माझी होती. वाफेचं मी निस्तरते. नीलिमा, गणपतीची मोदकांची पिठी उरलीय ना?"

"आहे. वरच्या प्रेसमध्ये."

"प्रेसमध्ये म्हणजे कपाटात. कळलं हो मला, आता इस्त्रीपाशी नाही शोधत. राजू, मोदकपात्र काढ. तुम्ही," नवऱ्याला, "तिसऱ्या धुवा. आणि तोंडाने काहीही करू नका."

आणि मग नीलिमाने पाहिलं ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. सासूबाईंनी त्या खळीत पिठी घातली, मीठ घातलं, तेलाचा हात लावून तो गोळा मळला. कोथिंबिरीच्या वड्यांचा थापतात तसा दोन थाळ्यांत थापला आणि मोदकपात्रात ठेवला.

"परत वाफ?" राजीवने भीत भीत विचारलं.

"जिने बिघडलं तीच सुधारणार."

वीस मिनिटांनी थाळ्या बाहेर काढून अंगणाच्या कट्ट्यावर ठेवल्या. पोर्टलीशचा ऑक्टोबरातला वारा. सूर्यसुद्धा त्याच्यापुढे धरला तर पाच मिनिटांत निवेल. थाळ्या निवल्या. सुरेखाबाईंनी वड्या पाडल्या. मग राजीवने जाळ लावला, उपेंद्ररावांनी कढई धरली आणि सुरेखाबाईंनी थोडं थोडं करून त्या वड्या परतल्या: लसूण, काळा सॉय सॉस, लाल मिरची, फोडलेली अंडी, मूठभर मोड आलेले मूग. कोशिंबिरीसाठी मीठ लावून पिळून ठेवलेला मुळा होता. टाकून कशाला द्यायचा म्हणून तोही त्यांनी वरून भुरभुरला. कडा खरपूस झाल्या. कुंपणावरच्या कुत्र्याने मालकांच्या नावाने हंबरडा फोडला.

"ह्याला काय म्हणायचं पण?" नीलिमाने विचारलं.

"वड्या म्हणू," सुरेखाबाई म्हणाल्या. "ही आमच्याकडची पद्धत, असं सांगू. ती काय खाल्ल्याशिवाय उठणार आहे?"

*

मेबल खू अंगाने बारीक, साठी-बासष्टीची बाई होती. चाळीस वर्षांपूर्वी फार्मसी शिकायला डब्लिनला आली, इथेच लग्न केलं, इथेच विधवा झाली. बोलायची अर्थातच इंग्रजीत, आणि तेही स्वोर्ड्सच्या बसमध्ये बोलतात तसल्या. दारात तिने दोन्ही हातांनी केकचा डबा पुढे केला आणि उपेंद्ररावांकडे असं पाहिलं, की जणू पेनांगची बोट नुकतीच धक्क्याला लागलीय.

"मी सकाळपासून काही खाल्लं नाही," ती म्हणाली. "मुद्दाम."

नीलिमाला वाटलं, ही भांडखोर असती तर बरं झालं असतं.

टेबलावर भात होता, तिसऱ्यांचं सुकं होतं, सोलकढी होती. मेबलने सोलकढीचा घोट घेतला, रंगाचं कौतुक केलं, पण नजर सारखी मागच्या दाराकडे. रुचा तिच्या शेजारी बसली होती; तिचा चेहरा तर दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा आतून उजळला होता.

"मेबल, तुला माहितीय? आजोबा सांगतात, चार म्हणजे फोर. चार चिजा असतात त्यात."

मेबल हसली. "नाही गं. आमच्या भाषेत चार म्हणजे परतणं. नुसतं परतणं."

उपेंद्ररावांना ठसका लागला. राजीवने पाणी पुढे केलं.

"तुमची गाडी कुठे होती?" मेबलने विचारलं. आवाजात शंका नव्हती, नुसती भूक होती.

"जेटीपाशी."

"कुठल्या? तिथे एकेका आडनावाची एकेक जेटी आहे. माझ्या आईचं माहेर तिथेच. कदाचित तिने तुम्हाला पाहिलं असेल!"

"असेल," उपेंद्रराव म्हणाले, "गर्दी फार असायची," आणि लगेच त्यांनी डोळे खाली घातले. नीलिमाने टेबलाखालून राजीवच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला नाही. तोही बापाकडेच बघत होता.

तेवढ्यात सुरेखाबाई मोठी थाळी घेऊन आल्या. "ह्या आमच्याकडच्या..." त्यांनी सुरुवात केली.

पण मेबलने एक वडी उचललीसुद्धा होती. तिने ती तोंडात टाकली. चावली. चावायची थांबली. मग काटा हळूच ताटलीत ठेवला.

"हे चार क्वे ट्याव नाही," ती म्हणाली.

घड्याळाचा काटासुद्धा जरा विचार करूनच पुढे सरकला. रुचाचा चेहरा उतरायला लागला. एडनने आईकडे 'मम, प्लीज' अशा अर्थाने पाहिलं.

"हे चार क्वे काक आहे." मेबलच्या डोळ्यांत पाणी होतं. "क्वे म्हणजे तांदळाची उकडलेली लादी. तिच्या पट्ट्या कापल्या की ट्याव, वड्या पाडल्या की काक. मी शाळेत जायच्या आधी माझी आजी मला हे करून द्यायची. ह्यात हाच मुळा. खारवलेला. एडनला मी हे सांगितलेलंसुद्धा नाही, कारण करायला मला येत नाही आणि इकडे कुणी विकत नाही. ट्याव सगळ्या जगाला माहीत आहे. चार दिवस पेनांग बघून गेलेला माणूस ट्यावचंच नाव घेतो. काक त्यालाच माहीत असतं जो तिथे पहाटे उठून राहिलाय." ती उपेंद्ररावांकडे वळली. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

*

सुरेखाबाई थाळी हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. नवऱ्याला त्या चांगली एक्कावन्न वर्षं ओळखत होत्या. एवढी सुंदर थाप कुणी एवढ्या प्रेमाने ह्यांच्या ताटात कधी वाढली नव्हती. नुसतं 'गाडीवाल्या म्हाताऱ्याने' एवढं म्हणायचं. रांग आपोआप आली असती, अधिकारी आला असता, ह्या वेळी बहुतेक मलेशियाचा राजाही येऊन उभा राहिला असता.

उपेंद्ररावांनी रुचाकडे पाहिलं.

"माझ्या बायकोने," ते इंग्रजीत म्हणाले. "आणि तेही आज, साडेबारा वाजता, चुकून. मॅडम, मी पेनांगला उतरलो नाही. मला मम्प्स झाले होते. जहाजावरच होतो. गाडीबिडी काही नव्हती. मी हे फक्त सहा चमचे खाल्लंय. थंड."

मेबल खू हसत सुटली. टेबलावर हात आपटून हसली.

"मम्प्स! एडन, ऐकलंस? चुकून! क्वे काक म्हणे चुकून झालं! माझी आजीसुद्धा अशीच. छान झालंय म्हटलं की म्हणायची, कुठे गं, मीठ जास्त पडलंय. खरा करणारा माणूस असाच बोलतो."

"नाही, पण मॅडम, खरंच..." उपेंद्रराव म्हणाले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते स्वतःहून खरं बोलले होते आणि समोरची बाई विश्वास ठेवायला तयार नव्हती. त्यांनी मदतीसाठी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या खोटेपणाचा सगळ्यात जुना साक्षीदार समोरच बसला होता. "राजू, तू सांग ह्यांना."

राजीवने नॅपकिनने तोंड पुसलं.

"बाबांना त्यांची स्तुती केलेली आवडत नाही, मिसेस खू," तो म्हणाला. "तीन दिवस गाडी चालवली त्यांनी. रांग जेटीपर्यंत. बंदराचा मुख्य अधिकारी टोपी काखेत मारून उभा होता." तो थांबला. आयुष्यात कशातच भर न घातलेला माणूस. त्याचे कान लाल झाले. "त्याने दोन प्लेटी खाल्ल्या."

उपेंद्रराव मुलाकडे बघत राहिले. सुरेखाबाईंना वाटलं, गालगुंड परत आलेत की काय. ह्यांच्या तोंडातून शब्दच फुटेना.

"दोन प्लेटींचं मला कधी सांगितलं नाहीत, बाबा," रुचा राजीवला म्हणाली. मग ती आजोबांकडे वळली, मराठीत, तिच्या त्या आयरिश वळणाच्या मराठीत: "आणि आजोबा, ग्रँड झालंय सगळं. गालगुंडांचं पुरे आता. वड्या गार होतायत."

सुरेखाबाईंचा हात थाळीवर थबकला. हे मम्प्स म्हणाले होते. इथे वाढलेल्या पोरीला गालगुंड हा शब्द कुठून येणार?

आणि मग त्यांना आठवलं. रुचा अकरा वर्षांची असतानाचा मे महिना, सावंतवाडीचं घर. पोरीला मराठी वाचायला शिकवायचं म्हणून त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातली जुनी पत्रं तिच्यापुढे टाकली होती. ती एक एक अक्षर लावत वाचायची, अडलं की विचारायची. 'आजी, गालगुंड म्हणजे काय?' तेव्हा आंबे कापता कापता सुरेखाबाईंनी नुसते दोन्ही गाल फुगवून दाखवले होते आणि ती गोष्ट विसरून गेल्या होत्या.

टेबलापलीकडून रुचाने आजीकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही असे पटकन गाल फुगवले आणि सोडले.

तेरा वर्षं माहीत होतं कार्टीला. माहीत असून तिने ती गोष्ट अख्ख्या आयर्लंडला सांगितली होती, आणि ह्या एडनला तर पहिल्याच भेटीत.

"अहो," सुरेखाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "जेवा आता पोटभर. तिका सगळा म्हायत आसा. कधीपासून तां माका विचारू नका."

उपेंद्ररावांनी नातीकडे पाहिलं. तिने भुवया उडवल्या. तेव्हा कुठे त्यांनी माकडटोपी मांडीवरून काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली, एक खोल श्वास सोडला आणि सकाळपासूनचा पहिला घास तोंडात घातला. पाठोपाठ दुसरा. तिसऱ्या घासाबरोबर त्यांचा आवाज परत आला.

"मिसेस खू, हे जे काक तुम्ही म्हणता, ते आमच्यात कावळ्याचं नाव. माणूस गेला की आम्ही कावळ्यापुढे भात ठेवतो. गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा त्या भाताला चोच लावत नाही. तासन् तास बसून राहतो. मग घरच्यांनी वचन द्यायचं, बाबा रे, तुझं ते राहिलेलं आम्ही बघू. मनातलं बरोबर सापडलं की कावळा येतो, शिवतो, आणि सगळे सुटतात. घरी जाऊन जेवायला मोकळे."

"बाबा, जेवणाच्या टेबलावर!" नीलिमा म्हणाली.

पण मेबलने मान हलवत सगळं ऐकून घेतलं. थाळीत शेवटची वडी उरली होती, कडेला खरपूस, वर मुळ्याचे दोन कण. एडनने हात पुढे केला तसा तिने त्याच्या हातावर चापट मारली, वडी दोन बोटांनी उचलली आणि तोंडात टाकली.

"आजीला मी म्हटलं होतं," ती घास गिळून म्हणाली, "लवकर परत येते, करून ठेव."

राजीवने उठून तिच्या ग्लासात सोलकढी ओतली. दुसरा ग्लास त्याने बापापुढे ठेवला.

"शिवला," उपेंद्रराव रिकाम्या थाळीकडे बघत म्हणाले. "एकदाचा शिवला बाबा कावळा!"

"हळू बोला," सुरेखाबाई म्हणाल्या. "त्याचो दुसरो अर्थ ह्या बाईक कोणी सांगल्यान तर?"

आणि रुचा, जिला दोन्ही अर्थ माहीत होते, सोलकढी नाकात जाईपर्यंत हसली.